पहाटेचा बिघाड, दुपारचं गॅरेज

निफाड तालुका. जानेवारीची पहाट, पावणेसहा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरला की त्याची बातमी राज्यभर होते. इथल्या द्राक्षवाल्याला ती पेपरात वाचावी लागत नाही. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तो रात्रीच बागेत शेकोट्या पेटवून आलेला असतो.

आणि आता तो पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्या जुन्या डिझेल गाडीत बसून सेल्फ मारतोय.

(सेल्फचा लांबलेला आवाज.)

नीट ऐका. सेल्फ जोरात फिरतोय, कुठेही रडत नाही. म्हणजे बॅटरीत दम आहे. तरी इंजिन पकडत नाही. चौथ्या सेल्फला एक सिलिंडर पकडतो, मग दुसरा, गाडी अख्खी थरथरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला. हा धूर चांगली खूण आहे. डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाहीये. धूर अजिबात नसता, तर पाइपात हवा धरली आहे का, फिल्टर तुंबलाय का, तिकडे बघावं लागलं असतं.

अर्ध्या मिनिटात थरथर थांबते, धूर विरतो. झालं गेलं काहीच नाही.

गेल्या महिन्यात याने नवी बॅटरी टाकली. त्याला तरी काय बोलणार? गाडी चालू होत नाही म्हटलं की जो तो बॅटरीकडेच बोट दाखवतो.

दुपारी दीड वाजता गाडी गॅरेजला.

"मिस्त्री, सकाळी चालूच होत नाही हो."

"आत्ता तर हाफ सेल्फला झाली की, दादा."

दोघंही खरंच बोलतायत, आणि सगळी गोची तिथेच आहे. दुपारपर्यंत इंजिन तापलेलं, ऊन डोक्यावर. बिघाड दिसणार कुठून?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच हे. जुन्या प्री-चेंबरच्या, म्हणजे डिझेल आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते. पण रात्रभर गारठलेलं लोखंड त्यातली बरीच उष्णता खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक छोटा हीटर दिलेला असतो. पुस्तकात त्याचं नाव ग्लो प्लग, गॅरेजात हीटर प्लग. पेन्सिलीसारखं टोक, चावी फिरवली की काही सेकंदांत लालबुंद, आठशे अंशांच्या वर.

(डॅशबोर्ड. स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, विझतो.)

या दिव्यावर लोक फार भरवसा ठेवतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो फक्त टायमरचं ऐकतो. चारही प्लग मेलेले असले तरी वेळेवर लागतो, वेळेवर विझतो.

मिस्त्रींनी दुपारी एकही पाना हातात घेतला नाही. "गाडी आज इथेच राहू द्या. सकाळी सातच्या आत कोणी हात लावायचा नाही." निम्मं निदान इथेच झालं, असं मला वाटतं.

दुसरा दिवस, सकाळी सात. बॉनेट उघडं.

आधी प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर मीटर. चावी फिरवली, ११.४ व्होल्ट. इथे शून्य आलं असतं तर फ्यूज किंवा रिले (प्लगांना करंट जोडणारा स्विच) तपासायचा आणि प्लगांना दोष द्यायचा नाही. करंट येतोय, तेव्हा आता पट्टी काढायची. इवलेसे चार नट. एखादा खाली घरंगळला तर अर्धा तास त्याच्या शोधात जातो, म्हणून मिस्त्री आधी खाली फडकं पसरतात. पट्टी काढावीच लागते, कारण चारही प्लग तिच्यावर समांतर जोडलेले असतात आणि चांगला प्लग मेलेल्याला झाकतो.

मीटर ओहमवर. दोन्ही काड्या एकमेकींना लावल्या: ०.३. हा वायरींचा स्वतःचा रोध, तो वजा करायचा. पहिला प्लग १.१, म्हणजे खरा ०.८. दुसराही तसाच. तिसऱ्याला काडी टेकवली आणि पडद्यावर डाव्या कडेला नुसता एक. हा एक ओहम नव्हे, मीटरला मोजताच येत नाही याची खूण. आतली तार तुटलेली. चौथा, पुन्हा तेच.

चारातले दोन गेलेले. मार्च ते नोव्हेंबर गाडीने हे कळूही दिलं नसतं.

पण ओहम बरोबर आला म्हणजे टोक तापतंच असं नाही. शंका असली तर करंट मोजायचा, तोही वायरीभोवती चिमट्यासारख्या अडकवायच्या क्लॅम्प मीटरने. साधा मीटर बहुधा दहा अँपिअरपर्यंतचा असतो आणि एकटा प्लग सुरुवातीला त्याहून जास्त ओढू शकतो.

प्लग काढताना मात्र घाई नको. इंजिन गरम करून, गंज सोडवणारं तेल मारून, थोडं पुढे, थोडं मागे. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, प्लग तुटला तर काम हेड उतरवण्यापर्यंत जातं.

तिसरा प्लग बाहेर आला. टोक वितळून खाल्ल्यासारखं. मिस्त्री तो उजेडात धरून बघतात. "हा नुसता म्हातारा होऊन गेलेला नाही. याचा नोझल थेंब गाळतोय." नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारं तोंड. तो तसाच ठेवला तर नवा प्लगही लवकरच असाच बाहेर येईल, म्हणून तो तपासायला पाठवला.

नव्या कॉमन रेल गाड्यांची, म्हणजे एकाच सामाईक पाइपातून सगळ्या सिलिंडरांना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्यांची, गोष्ट थोडी वेगळी. त्यांतले काही प्लग पाच-सात व्होल्टचे असतात. थेट बॅटरीला लावून बघायला गेलात तर तपासता तपासता जळतात. आणि हीटर प्लग असलेल्या गाडीच्या हवेच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे (इंजिन चटकन पेटावं म्हणून मारायचा फवारा) मारायचा नाही. लाल तापलेल्या टोकापाशी तो आतच भडकू शकतो.

तिसरी पहाट. नोझल दुरुस्त, चारही प्लग नवे. बागेवर शेकोट्यांचा धूर साचलाय. दादा पिवळा दिवा विझायची वाट बघतात, मग सेल्फ. अर्धा फेरा, आणि इंजिन लागलं.

जुन्यातले दोन चालू प्लग मिस्त्रींनी कागदात गुंडाळून दिले होते. ते समोरच्या खणात आहेत, नव्या बॅटरीच्या बिलाशेजारी.