गोचीड शोधणारे घोडेस्वार

मंडळी, टेक्सास आणि मेक्सिको यांच्या मधून रिओ ग्रांदे नदी वाहते. अमेरिकेच्या बाजूला, डेल रिओपासून ब्राउन्सव्हिलपर्यंत सुमारे ५०० मैलांचा नदीकाठचा पट्टा कायमचा विलगीकरणात ठेवलेला आहे. त्या पट्ट्यात रोज घोडेस्वार गस्त घालतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचे ते पगारी नोकर. घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि खोगिराला अडकवलेला फासाचा दोर. लोक त्यांना ‘टिक रायडर’ म्हणतात, कारण ते गोचीड शोधतात.

मी पशुवैद्यक. नोकरी बहुतेक विदर्भात झाली. गोचीड तापाच्या अभ्यासासाठी दक्षिण टेक्सासात राहायला मिळालं आणि तिथे हे लोक भेटले. काऊबॉयवर बोला असं तुम्ही सांगितलंत, तर मी यांच्याबद्दलच बोलणार. पिस्तुलवाल्यांबद्दल नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, नाहीतर सरकार गोचिडासाठी घोडेस्वार का ठेवतं हे कळणार नाही. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपलं. टेक्सासात लांब शिंगांची गुरं उदंड होती आणि मांसाला भाव होता उत्तरेत. १८६७ पासून कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावापर्यंत कळप चालत नेऊन तिथून रेल्वेत चढवायला सुरुवात झाली. काऊबॉयची जगभर पोचलेली प्रतिमा कळप असे लांबवर हाकत नेण्याच्या या काळातली आहे. त्या काऊबॉयमध्ये काळे होते, मेक्सिकन होते, आणि बहुतेकांचे दिवस धूळ खात कळपामागे जाण्यात गेले. पण एक विचित्र गोष्ट घडायची. टेक्सासची गुरं धडधाकट दिसायची आणि ती ज्या वाटेनं जात त्या वाटेवरची शेतकऱ्यांची गुरं काही आठवड्यांनी पटापट मरायची. ताप, लाल लघवी, मग जनावर आडवं. मिझुरीतले शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवायला उभे राहिले. १८८५ साली कॅन्ससनं टेक्सासच्या गुरांना दारच बंद केलं. एकीकडे काटेरी तारेची कुंपणं पडत होती, दुसरीकडे ही बंदी, आणि कळप लांबवर हाकत नेणं संपलं.

कारण सापडलं १८९३ मध्ये. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं की हा ताप गोचीड पसरवतो. किड्याच्या चाव्यातून आजार जातो हे इतक्या नीट सिद्ध होण्याची ती पहिल्या काही वेळांपैकी एक. मलेरिया आणि डासांचं नातं त्यानंतर उलगडलं. टेक्सासच्या गुरांना हा ताप वासरूपणीच होऊन गेलेला असायचा, म्हणून ती तगायची. १९०६ साली निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि १९४३ पर्यंत देश जवळपास गोचीडमुक्त झाला. उरला तो नदीकाठचा पट्टा, कारण पलीकडे मेक्सिकोत गोचीड आहे आणि नदीला पाणी कमी असलं की गुरं सहज ओलांडून येतात.

आता काम कसं चालतं ते सांगतो. सकाळी एका स्वाराबरोबर मी गेलो. मला शांत घोडी दिली होती. दोन्ही बाजूंना मेस्किटची काटेरी झुडपं, निवडुंग आणि नदीलगत माणसाच्या दुप्पट उंचीचं, बोरूसारख्या गवताचं रान. म्हणून ते पायांवर जाड चामडं बांधतात, त्यात शोभेचा भाग काही नाही. हा माणूस अर्धा तास एक शब्द बोलला नाही. नजर जमिनीवर. एका ओलसर जागी तो उतरला आणि खुराचा एक ठसा दाखवला. आजूबाजूच्या गवतावर दव तसंच होतं, पण ठशांच्या ओळीत ते झडलेलं होतं. म्हणजे जनावर उजाडल्यानंतर गेलं. ठसे नदीकडून येत होते. पुढे शेण सापडलं, त्यानं ते बोटानं उकललं आणि म्हणाला, फार लांब नाही.

गाय दिसली तेव्हा मला वाटलं, आता घोडा उधळणार, दोर फिरणार. उलट, त्यानं घोडा थांबवला. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं. त्याच्या आत पाऊल टाकलंत तर ते हलतं, मागे सरलात तर थांबतं. खांद्याच्या मागून जवळ गेलात तर पुढे चालतं, पुढून गेलात तर वळतं. एवढ्या एका हिशेबावर त्यानं ती गाय चालत चालत कुंपणाच्या कोपऱ्यात आणली आणि शेवटी एकदाच, हात खालीच ठेवून, दोर टाकला. तिचा श्वाससुद्धा फुलला नव्हता. चांगला काऊबॉय ओळखायचा तो त्याच्या सावकाशपणावरून, असं मला तिथे जितक्या जणांनी सांगितलं तितकंच ते डोळ्यांनीही पाहिलं.

मग तपासणी. जनावर शिकंजात घेतात आणि हात फिरवतात, केसांच्या उलट दिशेनं. कानामागे, गळकांबळीच्या घड्यांत, पुढच्या पायांच्या आत, कासेभोवती, शेपटीच्या मुळाशी. या गोचिडाची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, ती डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागतात. अळीपासून मोठा होईपर्यंत सुमारे तीन आठवडे हा गोचीड एकाच जनावरावर राहतो. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणून एक सुटली तर कुरण गेलं. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली गोचीड पाहिले आहेत, पण त्या माणसाच्या बोटांइतकं जलद काही पाहिलं नाही. आपल्याकडेही मेंढरं, म्हशी राखणाऱ्यांच्या हातांत हे ज्ञान असतं. आपल्या खात्यानं ते कधी कामाला लावलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो गोचीड कोणता? आपल्या गाईंच्या अंगावर सगळीकडे सापडतो तोच, मायक्रोप्लस. त्याच्या जोडीला तिथे ॲन्युलेटस नावाचा त्याचा भाऊबंद आहे.

ओळखीचं तिथे आणखीही पुष्कळ भेटलं. टेक्सासच्या किनारपट्टीवर वशिंडाची, लोंबत्या कानांची, भली मोठी गळकांबळ असलेली करडी गुरं चरतात. अमेरिकेत त्यांना ‘ब्राह्मन’ म्हणतात. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णाखोरी, अशा भारतीय रक्तातून ती घडली. १९०६ सालीच बोर्डन नावाच्या टेक्सासच्या पशुपालकानं भारतातून गुरं नेली. न्यूयॉर्कच्या विलगीकरणात त्यांच्यात सर्रा हा परजीवीमुळे होणारा रक्ताचा आजार निघाला आणि काही मारावी लागली, उरलेली टेक्सासात पोचली. उष्मा सोसणारी, गोचिडाला दाद न देणारी ही जात तिथे हवीच होती. ती सांभाळणारे काऊबॉय सांगतात, याला मारून हाकलू नका, हे जनावर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. ते पुढे चालतात, हाक मारतात, कळप मागून येतो. आपल्या गावातल्या कुठल्याही गुराख्याला यात नवल वाटणार नाही.

किंग रँच या दक्षिण टेक्सासातल्या गुरांच्या अवाढव्य कुरणावर गेलो तेव्हा मात्र चकित झालो ते रोही पाहून! अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यांचं पीक खाणारा रोही, म्हणजे नीलगाय. १९२० ते ४० च्या दरम्यान ती तिथे सोडली गेली. आज दक्षिण टेक्सासात ती हजारोंनी आहे आणि गोचीड वाहून नेते. गाय गोळा करून औषधाच्या हौदातून काढता येते. रोह्याला कोण गोळा करणार? तो कुंपणाखालून घुसतो आणि दहा मैल निघून जातो. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली आहे. तो ज्या भगदाडातून रोज जातो तिथेच आपोआप फवारा उडेल अशी यंत्रं बसवली आणि गोचिडाला मारणारे सूक्ष्म कृमी त्यातून फवारून पाहिले.

या रँचवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या काऊबॉयना ‘किनेन्यो’ म्हणतात, म्हणजे किंगची माणसं. रिचर्ड किंगनं १८५३ साली रँच उभारली आणि पुढे दुष्काळात पोळलेल्या मेक्सिकोतल्या एका गावाची गुरं विकत घेऊन तिथली कुटुंबंच सोबत आणली. त्या वंशातले एक आजोबा भेटले. मी त्यांना ‘दोन’ म्हणायचो, तिकडची आदराची हाक. बोलणं स्पॅनिशमध्ये, नातू मला समजावून सांगायचा. त्यांच्या तरुणपणी तिथे स्क्रूवर्म माशी होती. ही माशी जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. नुकत्या जन्मलेल्या वासराची ओली नाळ तिला पुरते. त्यामुळे प्रत्येक वासरू रानातून शोधून, फास टाकून पाडायचं आणि बेंबीला औषध लावायचं. आजोबा सांगायचे, आम्ही दोर शिकलो तो यासाठी, खेळासाठी नव्हे. पुढे निप्लिंग आणि बुशलंड या शास्त्रज्ञांच्या कल्पनेनुसार वांझ केलेले नर विमानातून सोडले गेले, माशी हटली, आणि इतक्या स्वारांची गरजही उरली नाही.

ती माशी २०२४ च्या अखेरीस मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला पुन्हा सापडली. २०२५ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोची गुरं घेणं थांबवलं, टेक्सासात नव्यानं वांझ माश्यांची सोय उभी करायचं ठरवलं आणि टिक रायडरांची संख्या वाढवायची घोषणा केली. त्या आजोबांच्या नातवाशी अधूनमधून बोलणं होतं. पाठीच्या दुखण्यामुळे आजोबा आता घोड्यावर बसत नाहीत, पण संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते पोरांना दाखवतात की दाट काट्यांत, हात वर न नेता, वासराच्या मागच्या दोन पायांत फास कसा सोडायचा, आणि मग त्याला उलटं करून बेंबी कशी चाचपायची.