शिवणीतली माया

नमस्कार मैत्रिणींनो. आणि घरात रेडिओ लागलाय म्हणून कानावर पडतंय ते ऐकणाऱ्या बाकीच्या मंडळींनो, तुम्हालाही नमस्कार.

गेल्या महिन्यात एका दुकानाच्या ट्रायल रूममध्ये मी अडकले. दाराची कडी निघेना, असं नव्हे. कुर्त्यात अडकले. दोन्ही हात वर, कुर्ता डोक्यावरून येऊन दंडांपाशी थांबलेला. वर जाईना, खाली येईना. बाहेरून भाची विचारतेय, "मावशी, झालं का गं?" आणि आतून माझं कापडात गुदमरलेलं "हो, हो." शेवटी तिलाच आत घेतलं. तिनं एक बाही धरून ओढली, मी श्वास सोडून भिंतीला टेकले, तेव्हा कुठे सुटका झाली. कुर्त्यावर लिहिलं होतं एक्सएल. त्याच दुकानातला, त्याच दांडीवरचा दुसरा एक्सएल चढवला, तर तो खांद्यावरून असा ओघळला की आम्ही दोघी त्यात सहज मावलो असतो.

बाहेर आले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काकू, मोठ्या साईजचं मागच्या रॅकवर बघा." गेले मागे. तिथे काळा, गडद निळा आणि मरून. मोठ्या मापाच्या बाईला हळदी पिवळा रंग आवडत नाही, हे कुणी ठरवलं कोण जाणे!

घरी आले आणि हट्टानं टेप काढली. कपाटातले एक्सएल लिहिलेले सगळे कुर्ते पलंगावर पसरले. आठ निघाले. छातीचं माप ४१ इंचांपासून ४५ इंचांपर्यंत. मग यांचा शर्ट काढला. त्यावर ४२. हे ४२ म्हणजे कॉलरचे सेंटिमीटर. यांच्या पँटवर कंबर लिहिलेली असते इंचांत. दुसऱ्या दुकानात गेले तरी इंच तोच राहतो. आता 'एल' कशानं मोजायचा? कधी कधी आपल्याही कुर्त्यांवर आकडा असतो म्हणा, ४० किंवा ४२. पण तो माझ्या छातीचा की कुर्त्याच्या? कुर्ता अंगापेक्षा तीन-चार इंच सैल हवा, शिंपी ज्याला लूझिंग म्हणतात. एक कारखाना अंगाचं माप छापतो, दुसरा कपड्याचं. दोन्हींवर ४२च.

माझी आजी नऊवारी नेसायची. लुगड्याला माप नव्हतं. म्हणजे होतं, पण ते कापडाचं, अंगाचं नव्हे. नऊ वार म्हणजे नऊ वार. सोळा वर्षांची नवी सून आणि साठीची सासू, एकच लुगडं आलटून पालटून दोघी नेसू शकत. चोळी खणाची आणि पुढे गाठ. दिवस गेले, गाठ जरा सैल बांधली. बाळंतपणानंतर अंग उतरलं, गाठ जरा आवळली. सुख होतं असं मात्र मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात त्या गाठीखाली घामोळं उठायचं, आजी पंख्यानं वारा घेत कुरकुरायची. पण "मला चोळी होत नाही" हे वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आईच्या वेळेला हुकांचा ब्लाउज आला आणि त्याच्याबरोबर शिंपी आला. मापाचा ब्लाउज पिशवीत घालून नेऊन द्यायचा, गळा केवढा ते पाठीवर बोटानं दाखवायचं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आणायला गेलं की ऐकायचं, "झालंच आहे, फक्त हुका लावायच्या राहिल्यात." मग कळायचं की अजून कापलेलाच नाही! शिंप्यांच्या या थापांना मी चांगलं म्हणत नाही. पण एक काम ते न सांगता करत. माया सोडत.

शहरातल्या तरुण मुलींना हा शब्द कदाचित माहीत नसेल. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. बाई आज जेवढी आहे तेवढीच उद्या राहणार नाही, हे शिंप्यानं गृहीत धरलेलं. माझ्या लग्नातला ब्लाउज अजून आहे. मुलगी झाल्यावर त्याची एक शिवण उसवली, चाळिशीत दुसरी. आत जुन्या टाक्यांच्या बारीक छिद्रांच्या रांगा दिसतात, एकीपलीकडे एक.

तयार कपडा उलटा करून बघा. ओव्हरलॉकचा, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीननं घातलेला गोफ, आणि त्याच्या आत जेमतेम सेंटिमीटरभर कापड. उसवायचं कुठे? कारखान्याचंही गणित आहे. कपड्याच्या खर्चात सगळ्यांत मोठा वाटा कापडाचा. एका कुर्त्याला प्रत्येक शिवणीत इंचभर जास्त सोडलं, तर हजारो कुर्त्यांत तागेच्या तागे जातील. म्हणून पाठ, पुढा, बाह्या असे सगळे भाग कापडावर एकमेकांना खेटून बसवतात आणि थरावर थर रचून एकदम कापतात.

आणि मापं कशी ठरतात? आधी एक नमुना शिवतात, बहुधा मीडियमचा. तो एका मुलीच्या अंगावर घालून बघतात. तिला बसला की पुढची मापं कागदावर वाढवत नेतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंच वाढवली की कंबर दोन इंच, सीट म्हणजे नितंबांचा घेर दोन इंच, खांदा थोडा, बाही थोडी. म्हणजे बाई फुग्यासारखी सगळीकडून सारखी फुगते, असा हिशेब! आमच्याच घरात बघा. माझी आई खांद्यात अरुंद आणि पोटात रुंद. थोरल्या जाऊबाई सडसडीत, पण दंड भरलेले. जन्मभर खुरपलंय, पाण्याच्या कळशा वाहिल्यात, दंड होणारच. त्यांना छातीला मीडियम पुरतो आणि बाहीला डबल एक्सएल लागतो. असा कपडा कुठल्या रॅकवर असतो?

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. अमेरिकेत १९३९-४० साली सरकारनं बायकांची मापं घेण्याची मोठी मोहीम काढली, तीही कृषी खात्यामार्फत. कृषी खात्याला काय पडलं होतं, असं वाटेल. तर गृहअर्थशास्त्राचा विभाग त्या खात्यात होता. टपालानं कपडे विकणाऱ्या कंपन्यांचा तेव्हा जोर होता, आणि न बसलेले कपडे गठ्ठ्यांनी परत येत. आज आपण मोबाइलवरून मागवतो आणि परत पाठवतो, त्याचीच ही आजी समजा. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची जवळपास ६० मापं घेतली गेली. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. पुढे १९५८ मध्ये त्या आकड्यांच्या आधारावर प्रमाण मापं जाहीर झाली आणि १९८३ मध्ये ती मागेही घेतली गेली. नंतर ज्याला जे वाटेल ते. दुकानदारांना कळलं होतं की बाईला लहान आकडा दाखवला की ती खुशीत कपडा घेते. मग कपडा तोच ठेवून आकडा हळूहळू कमी करत नेला.

आणि आपल्याकडे? आपण बरीच वर्षं इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांत थोडं इकडे तिकडे करून वापरत आलो. पाहुण्याच्या चपला घालून चालावं तसं. अलीकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी 'इंडियासाईज' हा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची मापं घ्यायचं ठरलं, तीही टेप न लावता, सगळं अंग टिपणाऱ्या त्रिमितीय स्कॅनरनं. उशिरा का होईना, चांगलंच काम आहे. मला एवढंच वाटतं, स्कॅनरसमोर आमच्या जाऊबाईंसारख्या बायका किती आल्या असतील? त्या मुंबईला जातात त्या डॉक्टरकडे. आणि ६५च्या पुढच्या बाईनं काय घालायचं?

आता जरा आवाज खाली आणून बोलते. आतल्या कपड्यांचं. हे रेडिओवर बोलायचं का, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. माझ्या तरुणपणी हा विषय दुकानात बोलायचीही चोरी होती. गल्ल्यावरचा माणूस नुसत्या नजरेनं माप ठरवायचा, "छत्तीस" म्हणायचा आणि खोकं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, चोरीचा माल असल्यासारखं. आपणही मान खाली घालून ते छत्तीस आणायचो आणि वर्षानुवर्षं खांद्यावर पट्ट्यांचे वळ वागवायचो. तिथे दोन मापं असतात, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुलीनं सांगितलं. आकडा छातीखालच्या घेराचा. अक्षर त्या घेरात आणि भरल्या छातीच्या घेरात जो फरक असतो त्याचं: साधारण एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी. दोन्ही मापं मोजायला पाच मिनिटं लागतात. टेप घ्या, आरशासमोर उभ्या राहा आणि मोजा. लहान गावातल्या दुकानात अक्षर विचारलं तर अजून कुणी गोंधळून बघेल. बघू दे. विचारा.

टेपचा विषय निघालाच आहे तर माझी हल्लीची युक्ती सांगते. आपल्याला नीट बसणारा एक कुर्ता घ्यायचा, सपाट पसरायचा, आणि काखेपासून काखेपर्यंत, खांदा, मुंढा म्हणजे बाही जोडतात तो गोल, दंडाचा घेर आणि सीट एवढं मोजून कागदावर लिहायचं. तो कागद पर्समध्ये आणि टेपही पर्समध्ये. दुकानात गेलं की लेबल न बघता कपडा मोजायचा. पोरं हसतात. एकदा एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही टेलर आहात का?" मी म्हटलं, नाही गं, गिऱ्हाईक आहे. बाकी "काकू, धुतल्यावर सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं, सैल होत नाही.

आता त्या दिवशीची राहिलेली गोष्ट. आम्ही गेलो होतो भाच्याच्या लग्नासाठी कपडे घ्यायला. त्या अडकलेल्या कुर्त्याचा रंग होता हळदी पिवळा, काठाला बारीक हिरवी रेघ. जीव अडकला होता. तो मी घेतला. न बसणारा कुर्ता, पूर्ण पैसे देऊन! वर काचेवर पाटी, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या वहिनी आहेत. एक मशीन, दारात मनीप्लांट. त्यांनी कुर्ता उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, यात माया काहीच नाही." मग कुर्त्याबरोबरच्या ओढणीकडे बघितलं, तिचा पदर मोजला, टोकाकडून वीतभर कापला. दोन्ही काखांत चौकोनी तुकडे जोडले, बाहीला दंडापाशी एकेक पट्टी घातली. आता मुद्दाम बघितलं तरच दिसतं.

मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्यांबरोबर अक्षता टाकायला माझाही हात डोक्यावर गेला. भाचीनं लांबूनच डोळे मोठे करून माझ्या काखेकडे बघितलं. काही उसवलं नाही.

वहिनींचे पैसे अजून द्यायचेत. त्या दिवशी द्यायला गेले तर घेतले नाहीत. म्हणाल्या, "एकदा धुवा, दोनदा घाला. बसला तर द्या."