भरलेली बाटली

नमस्कार, श्रोतेहो.

मी ३२ वर्षं गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलं. सुरुवात पेडण्यात झाली, मग डिचोली, आणि शेवटची वर्षं सत्तरीत गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या वाड्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका एक दिवस घरी आल्या. म्हणाल्या, "बाई, शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणातलं कोणीतरी हवंय, तुम्ही या." मी लगेच हो म्हटलं. शाळा सुटली तरी घंटा कानातून जात नाही हो.

तुमचं मूल सरकारी शाळेत असेल तर ही समिती तुमचीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या २१ व्या कलमात ही समिती सांगितली आहे. तिथे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. पुन्हा सांगते, चारांतले तीन पालक. आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. उरलेल्या हिश्श्यात पंचायतीचे निवडून आलेले सदस्य आणि शाळेतले शिक्षक. केंद्राच्या नमुना नियमांनी त्यातच माझ्यासारख्यांनाही जागा दिली आहे. त्याच नियमांप्रमाणे अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापकांनी निमंत्रक म्हणून काम पाहायचं आणि सभा महिन्यातून एकदा तरी घ्यायची. शाळेचा विकास आराखडाही समितीनेच करायचा.

आता आमच्या सभांचं सांगते.

पहिल्या सभेला मी वर्गात शिरले आणि बाकांवरचे सगळे पालक उठून उभे राहिले. निम्मे माझेच विद्यार्थी. कोणाला मी बाराखडी गिरवायला लावली होती, कोणाला तेराच्या पाढ्यासाठी दाराबाहेर उभं केलं होतं. मुख्याध्यापिकांनी मला टेबलाजवळची खुर्ची दिली आणि मी बसले. दुपारच्या जेवणाचा विषय झाला, गणवेशाचा झाला. मग त्यांनी विचारलं, "पालकांचं काही म्हणणं?" वर्गात चिडीचूप. ती शांतता मला सहन होईना, म्हणून मीच बोलायला लागले. वाचन, शुद्धलेखन, पाढे. चांगली वीस मिनिटं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या, वहीत सह्या केल्या आणि घरी गेले. दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं.

तिसरी सभा आली ती ऐन काजूच्या हंगामात. सकाळी बागायतीत बोंडू गोळा करायचे असतात, म्हणून सभा दुपारी चार वाजता ठेवली होती. (सभेची वेळ ठरवताना आधी गावाचा हंगाम बघावा आणि सूचना मुलाच्या वहीत चिठ्ठी लिहून पाठवावी, असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवरचा निरोप घरातला एकच माणूस वाचतो. चिठ्ठी आईच्या हातात पडते.) त्या दिवशी वाळपईहून येणारी माझी बस उशिरा आली. पोचले तेव्हा टेबलाजवळच्या खुर्चीवर पंच बसले होते आणि बाक भरले होते. मागे भिंतीला लागून मुलांची चटई अंथरलेली होती, तिच्यावर तीन-चार आया बसल्या होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसले.

माझ्या शेजारी एक मुलगी होती. मुलगी म्हणते, कारण ती माझ्या तिसरीच्या वर्गात होती. आता तिचीच लेक तिसरीत आहे. शाळेत असताना वर्षभरात दहा वाक्यं बोलली असेल नसेल. पुढे जेवणाचा विषय चालू होता. ती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "बाई, बाटली भरिल्लीच घरा येता."

मला कळेना. कसली बाटली?

पाण्याची. लेकीला सकाळी ती बाटली भरून देत होती, आणि संध्याकाळी बाटली भरलेलीच परत येत होती. एक दिवस नाही, रोज. मी विचारलं, पाणी का पीत नाही? ती म्हणाली, संडासाच्या दाराची कडी मोडली आहे. आत गेलं की बाहेरून कोणीतरी दार धरायला लागतं. मैत्रीण आली नाही तर जाताच येत नाही. म्हणून ती पाणीच पीत नाही.

पलीकडची म्हणाली, आमचीही तसंच करते. तिच्या पुढची म्हणाली, आमची तर शाळा सुटली की धावतच घरी येते.

श्रोतेहो, हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. मुली बाईंना असलं सांगत नाहीत. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझे वर्ग उभे राहिले. जेवणानंतरच्या तासाला बाकावर डोकं टेकून बसणाऱ्या मुली, डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुली. "ताठ बस," असं मी किती जणींना म्हटलं असेन. पाणी प्यायलीस का, असं एकीलाही विचारलं नव्हतं. ते अजून मला टोचतं.

तिने मला म्हटलं, "बाई, तुम्ही सांगा ना सभेत." माझं तोंड उघडलंच होतं. पण मी थांबले. म्हटलं, "तू सांग. सभासद तू आहेस." ती उठली. दोनच वाक्यं बोलली, खाली बघत बोलली, पण सगळ्या वर्गाने ऐकली. पुढच्या बाकावरचे बापे एकदम गप्प झाले. त्यांतला एक सुतारकाम करतो. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आत त्याने नवी कडी बसवली, आणि ती पहिलीच्या मुलीच्याही हाताला लागेल इतकी खाली बसवली. ते त्याचं त्यालाच सुचलं.

कडी बसली, पण आम्ही तिथे थांबलो नाही. कायद्याच्या परिशिष्टात मुलगे आणि मुलींसाठी वेगळे संडास सांगितले आहेत, पिण्याचं सुरक्षित पाणी सांगितलं आहे. ते आम्ही इतिवृत्तात लिहिलं, विकास आराखड्यात घातलं आणि त्याची प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिली. इतिवृत्तात लिहा, हे मी पुन्हा सांगते. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, वहीतलं पुढच्या सभेला पुन्हा वाचलं जातं.

त्या दिवसापासून मी चटईवरच बसते आणि सगळ्यांत शेवटी बोलते. निवृत्त शिक्षक कोणी ऐकत असतील तर त्यांना मुद्दाम सांगते, शेवटी बोला. आपल्याला बोलायची सवय असते आणि समोरच्यांना आपलं ऐकायची. ती दोन्ही बाजूंनी मोडावी लागते.

दुपारच्या जेवणाचं राहिलंच. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. आमच्याकडे पावभाजी येते, मुलं आवडीने खातात. पण आठवड्यातून एखादा दिवस उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर चवळीची किंवा कुळथाची काहीतरी भाजी-आमटी असावी असं मला फार वाटतं. आमच्या आया पेजेवरच वाढल्या.

आणि पट कमी म्हणून शाळा बंद करण्याची भाषा ऐकली की जीव तुटतो. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी, वाड्यावाड्यांवर शाळा निघाल्या. माझी आई निरक्षर होती, मी तसल्याच एका शाळेत शिकले. कायदा म्हणतो, पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक द्या. वाड्यावर बारा मुलं असली तर ती बारा मुलं आहेत, आणि पावसात व्हाळ ओलांडून सहा वर्षांचं पोर दुसऱ्या गावी जाणार कसं?

या शनिवारी चार वाजता आमची सभा आहे. शाळेच्या उतारावर शेवाळ धरतं, पाऊस लागायच्या आत तिथे खडबडीत लाद्या घालायच्या आहेत. हा विषय एका आजोबांनी आणला आहे, नातवाला सोडायला येतात ते. लाद्या कुठल्या घ्यायच्या हे तेच सांगणार आहेत.

नमस्कार.