कंपायलरच्या तोंडून वदवून घ्यायची कामं

कोणताही जुना प्रोजेक्ट उघडा आणि 'टूडू' (करायचं राहिलेल्या कामाची खूण) शोधा. 'तात्पुरतं', 'नंतर नीट करू' अशा कॉमेंट्स ढिगाने सापडतील, आणि लिहिणारा केव्हाच दुसऱ्या टीममध्ये गेलेला असेल. कॉमेंट कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिजगणतीतही नसते. काम खरंच लक्षात राहायला हवं असेल तर ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. मात्र कुठल्या कामाला किती जोराने ओरडायला लावायचं, हे आपण ठरवायचं.

सगळ्यात साधा उपाय हॅश-वॉर्निंग: कोडमध्ये ही ओळ लिहिली की कंपायलर आपला निरोप इशारा म्हणून छापतो. हॅश-एरर निरोप छापून काम तिथेच थांबवतं. सी भाषेत हॅश-एरर १९८९ च्या मानकापासून आहे. हॅश-वॉर्निंग मात्र थेट सी २३ मध्ये मानकात आलं. तोवर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर ते पदरचं म्हणून चालवत होते. ॲपलच्या स्विफ्ट भाषेत दोन्ही २०१८ साली, ४.२ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या टप्प्यात, टूडू हुडकणारी स्क्रिप्ट घालून एक्सकोड या ॲपलच्या साधनाला वॉर्निंग दाखवायला लावत. चालायचं तेही.

खरी गंमत वापरताना कळते. हेडर फाइलमध्ये (इतर फाइलींत ओढून घ्यायची सामायिक फाइल) एक हॅश-वॉर्निंग टाका. ती फाइल दोनशे ठिकाणी इन्क्लूड होत असेल, तर तोच निरोप दोनशे वेळा छापला जातो. उलट एखाद्या सोर्स फाइलमध्ये टाकलं, तर ती फाइल पुन्हा कंपाइल होईपर्यंत वॉर्निंग दिसतच नाही, कारण न बदललेल्या फाइलकडे बिल्ड ढुंकूनही पाहत नाही. आणि सगळ्या वॉर्निंगना एरर मानायची सेटिंग चालू असेल, तर तुमची नम्र आठवण अख्ख्या टीमचा बिल्ड पाडते. मग कोणीतरी वैतागून वॉर्निंगच बंद करतं. त्यामुळे हॅश-वॉर्निंग माझ्या मते आपल्या ब्रँचपुरतं, म्हणजे कोडच्या स्वतःच्या वेगळ्या फांदीपुरतं, ठेवावं. मुख्य कोडात मर्ज करण्याआधी काढावं.

अर्धवट फंक्शनचा मामला वेगळा. फंक्शनने पूर्णांक द्यायचं कबूल केलंय, आत काहीच नाही, बऱ्याच भाषांत कंपायलर अडतो. मग आपण रिटर्न शून्य लिहून त्याला गप्प करतो. ते शून्य खोटं असतं, आणि पुढे एखाद्या बेरजेत निमूटपणे मिसळून जातं. रस्ट भाषेतला टूडू मॅक्रो, २०१९ च्या १.४० आवृत्तीपासून स्थिर झालेला, इथे कामाला येतो. त्याचा टाइप, म्हणजे मिळणाऱ्या मूल्याचा प्रकार, 'कधीच परत न येणारा', म्हणून तो कोणत्याही टाइपच्या जागी बसतो. बाकीचा कोड तपासून होतो, आणि चालवताना त्या ओळीवर पोचलात की प्रोग्रॅम तिथेच पॅनिक करून थांबतो. कॉटलिनचं टूडू फंक्शन याच जातीचं. स्कालावाले तर नुसती तीन प्रश्नचिन्हं लिहून मोकळे होतात!

पण मला सगळ्यात आवडतो तो अटीवरचा इशारा. समजा, एखाद्या लायब्ररीतल्या बगसाठी तुम्ही जुगाड केलाय आणि तो बग तिसऱ्या आवृत्तीत जाणार आहे. मग लायब्ररीच्या आवृत्तीचा क्रमांक तीन किंवा त्याहून मोठा असेल तर हॅश-एरर, निरोप 'आता हा जुगाड काढा', असं प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्याआधी कोडवरून फिरणाऱ्या टप्प्याच्या) अटीत लिहून ठेवा. तोवर कोणालाही त्रास नाही. ज्या दिवशी लायब्ररी अपग्रेड होईल त्या दिवशी बिल्ड अडेल, आणि अडेल तो नेमका त्याच माणसासमोर, ज्याने अपग्रेड केलंय.

हीच युक्ती काही जण तारखेवर लावतात. तसं करू नका. दोन वर्षांनी जुना टॅग (खूण करून जपलेली जुनी आवृत्ती) काढून बिल्ड करायला घेतलात, तर एक अक्षरही न बदललेला कोड त्या दिवशी फुटेल. तारखेची मुदत सीआयमधल्या (बदल झाला की आपोआप होणाऱ्या तपासणीतल्या) लिंटरला, म्हणजे कोडमधल्या खोड्या दाखवणाऱ्या साधनाला, सांभाळू द्या.