फाशी, काळं पाणी आणि पाच वर्षं

१८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा उभी होती. दिवस गेले ते तिनं लपवले, मूल झालं आणि ते तिनं मारलं, असा आरोप. कोर्टानं फाशी सुनावली. मुंबईच्या हायकोर्टात फाशीची जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. मग सरकारनं तीही उतरवून पाच वर्षांवर आणली.

मला या प्रकरणात आधी दिसते ती ही उतरंड. फाशी, काळं पाणी, पाच वर्षं. बाई तीच, कृत्य तेच. मग शिक्षा इतकी घसरली कशी? कायद्यात लिहिलेली शिक्षा प्रत्यक्ष द्यायची वेळ आली की हात कचरतो, म्हणून. ही कचरण्याची गोष्ट जुनी आहे, आणि आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

त्या खटल्यावरून पुण्याच्या 'पुणेवैभव' या वर्तमानपत्रानं सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. त्याला उत्तर आलं बुलढाण्याहून. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा सवाल. पुस्तक संतापानं लिहिलेलं आहे, आणि तो संताप आजही वाचताना भाजतो.

पण त्याच्याही आधी, १८६३ साली, पुण्यात काशीबाईचं प्रकरण झालं होतं. जोतीराव फुल्यांच्या स्नेह्यांकडे, गोवंड्यांकडे, ती स्वयंपाकाला होती. विधवा. गावातल्या एका शास्त्र्यानं तिला नादी लावलं, दिवस राहिले, मूल झालं, तिनं ते मारून विहिरीत टाकलं. तिची रवानगी अंदमानात झाली. जोतीरावांनी शिक्षेवर अग्रलेख लिहीत न बसता आपल्या घरालगत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती गावात लावल्या. प्रसूतीची आणि मुलांची उस्तवार सावित्रीबाईंकडे.

आता एक आकडा सांगतो. १८८४ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवरच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी तो स्वतः दिला आहे. तोपर्यंत त्या घरात ३५ विधवा बाळंत झाल्या. मुलं जगली पाच. बाकीची तीस दगावली, त्याचं कारणही त्यांनी लिहिलं: दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली जहाल औषधं. म्हणजे दार उघडं होतं, शिक्षेची भीती नव्हती, सावित्रीबाईंसारखी बाई उशाशी होती, तरी तीस गेली. घात त्या दाराशी पोचण्याआधीच होऊन गेला होता. या विषयावर इतकं बोलकं वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही.

कायदा मात्र शेवटची रात्र तेवढी बघतो. आपल्याकडे नवजात मूल आईनं मारलं तर त्यासाठी वेगळा गुन्हाच नाही. खून तो खून. भारतीय न्याय संहितेचं १०३ कलम, पूर्वीचं ३०२: फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली पायरी नाही. दुसरीकडे मेलेल्या अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवला तर कलम ९४, पूर्वीचं ३१८: फार तर दोन वर्षं. मूल जिवंत जन्मलं होतं का, एवढ्या एका प्रश्नावर बाई दोन वर्षांकडे जाते किंवा जन्मठेपेकडे.

आणि तो प्रश्न सोडवायचा कसा? सतराव्या शतकापासून एक परीक्षा चालत आली आहे. फुप्फुस पाण्यात टाकायचं. तरंगलं तर श्वास घेतला होता, बुडालं तर नाही. पण शरीर कुजू लागलं की त्यात वायू धरतो आणि न श्वसलेलं फुप्फुसही तरंगतं. कुणी तोंडानं हवा फुंकून मूल जगवायची धडपड केली असेल तरी तेच. खड्ड्यातून किंवा विहिरीतून चार दिवसांनी काढलेल्या अर्भकाबाबत ही परीक्षा किती बोलेल, तुम्हीच ठरवा.

इंग्लंडनं तर १६२४ साली पुराव्याची कटकटच काढून टाकली होती. अविवाहित आईनं मुलाचा मृत्यू लपवला की खून केला असंच धरायचं; ते मेलेलंच जन्मलं हे तिनं साक्षीदार आणून दाखवायचं. एकटीनं, दार लावून बाळंत झालेली बाई साक्षीदार कुठून आणणार? पुढे ज्यूरीच बायकांना सोडू लागल्या आणि १८०३ मध्ये तो कायदा गेला. १९२२ आणि १९३८ च्या कायद्यांनी वेगळा गुन्हा केला: बाळंतपणाच्या परिणामानं मनाचा तोल ढळलेल्या आईनं एक वर्षाच्या आतलं मूल मारलं तर शिक्षा सदोष मनुष्यवधाइतकी, किती द्यायची ते न्यायाधीशानं ठरवायचं.

आपणही हेच उचलावं असं पुष्कळ जण म्हणतात. मी निम्माच सहमत आहे. न्यायाधीशाला मोकळीक हवी, हे खरं. पण बाईला वेडी ठरवल्याशिवाय दया करायची नाही, ही अट मला पटत नाही. फिलिप रेझ्निक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९७० मध्येच जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतली हत्या वेगळी काढून दाखवली. या आया बहुधा मनोरुग्ण नसतात. तरुण असतात, लग्न झालेलं नसतं, आणि पोटात मूल आहे हे कुणापाशी बोललेल्या नसतात. काही तर स्वतःशीसुद्धा नाही. बर्लिनमधल्या एका पाहणीत सुमारे २,४५५ बाळंतपणांमागे एक बाई अशी निघाली, जिला कळा सुरू होईपर्यंत आपण गरोदर असल्याचा पत्ताच नव्हता. हे वेड नव्हे. काशीबाईलाही वेड लागलं नव्हतं. तिला भीती होती, आणि ती अस्थानी नव्हती.

इथं कुणी म्हणेल, शिक्षा उतरवली म्हणजे त्या जिवाची किंमतच उतरवली. आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. म्हणून वेगळं कलम केलंच तर ते अरुंद हवं: लपवलेलं गरोदरपण, एकटीचं बाळंतपण, पहिला दिवस. मुलगी झाली म्हणून घरच्यांनी ठरवून तिला संपवणं यात बसता कामा नये. त्याविरुद्ध १८७० साली वेगळा कायदा करावा लागला होता, आणि तो प्रकार निराळाच आहे. तिथं बाई एकटी नसते, सगळं घर जागं असतं.

शिक्षेचं एवढं पुरे. दाराचं काय? फ्रान्समध्ये बाई नाव न सांगता दवाखान्यात बाळंत होऊ शकते. जर्मनीत २०१४ पासून नाव पाकिटात बंद राहतं, मूल सोळा वर्षांचं झालं की ते बघायला मागू शकतं. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं आई बालकल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते. फेरविचाराला दोन महिने मिळतात. किती मुलींना हे माहीत आहे? आणि अठराच्या आतली मुलगी असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग. म्हणून ती डॉक्टरकडे जातच नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताच्या प्रकरणात म्हटलं की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. चांगलं झालं. पण गर्भपाताची मुदत उलटून गेल्यावर, सातव्या-आठव्या महिन्यात जी येईल, तिलाही हेच आश्वासन तितक्याच स्वच्छ शब्दांत मिळायला हवं.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: "आणि पुरुषाला शिक्षा काय?" बापानं हत्येत हात दिला किंवा चिथावणी दिली हे सिद्ध झालं तर तोही गुन्हेगार. नुसता पाठ फिरवून निघून गेला, तर या कलमांत त्याच्यासाठी काही नाही. काशीबाईच्या शास्त्र्याचं नावसुद्धा जोतीरावांच्या १८८४ च्या त्या लेखी मतात नाही.