शेंगदाण्याचा ओव्हरकोट

श्रोतेहो, नमस्कार. घाण्यातून शेंगदाण्याचं तेल निघालं की मागे राहते पेंड. ती जनावरांपुढे जाते. याच पेंडीतल्या प्रथिनापासून एकदा लोकरीसारखा धागा निघाला होता आणि त्याचा कोटही शिवला होता.

इंग्लंडमध्ये लीड्सला विल्यम ॲस्टबरी नावाचे शास्त्रज्ञ क्ष-किरणांनी लोकरीची रचना तपासत. लोकरीचं प्रथिन म्हणजे लांब साखळ्या. बियांमधल्या प्रथिनाच्या साखळ्या मात्र गुंडाळलेल्या. ॲस्टबरी म्हणाले, युरियाने हा गुंडा उलगडू आणि ओढून धागा करू! चिबनॉल आणि बेली या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तो केलाही. मग आयसीआय या रसायनांच्या कंपनीने स्कॉटलंडमधल्या आर्डीर इथे काम पुढे नेलं, म्हणून धाग्याचं नाव पडलं आर्डिल. कंपनीने ॲस्टबरींना त्या धाग्याचा ओव्हरकोट दिला. शेंगदाण्याचा ओव्हरकोट! तो ते मोठ्या अभिमानाने घालत. याच प्रयोगशाळेत फ्लोरेन्स बेल यांनी १९३८च्या सुमारास डीएनएची क्ष-किरण छायाचित्रं घेतली. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव यायलाच हवं, असं मला फार वाटतं.

असो, आपण धाग्याकडे येऊ. नुसत्या साखळ्या ओढून भागत नाही. गोधडीला टाके नसतील तर थर सरकतात, तसंच इथे होतं. लोकरीत गंधकाचे टाके, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे दुवे, जन्मजात असतात. शेंगदाण्याच्या प्रथिनात ते फार कमी. म्हणून आर्डिलला फॉर्मॅल्डिहाइडचे टाके घातले. बरणीतला बेडूक ज्यात ठेवतात, त्या फॉर्मॅलिनमधलं हेच रसायन. पुन्हा सांगतो: साखळी लांब हवी, आणि साखळ्यांमध्ये टाका हवा. टाका पडला की धागा बळकट होतो आणि सहज विरघळत नाही. मक्यातलं झेइन नावाचं प्रथिन एरवी पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळतं. टाके घातले की तग धरतं. अमेरिकेत झेइनचाही धागा निघाला होता, विकारा नावाचा.

तरी ओलं झाल्यावर आर्डिल कमजोर पडे, आणि नायलॉनसारखे धागे पुढे निघून गेले. स्कॉटलंडमधल्या डमफ्रीजचा आर्डिलचा कारखाना १९५७मध्ये बंद झाला.

फॉर्मॅल्डिहाइडने कर्करोग होऊ शकतो, म्हणून आता दुसरे टाके शोधतात. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात गव्हाच्या प्रथिनाच्या धाग्यांना सायट्रिक आम्लाने जोडून पाहिलं. हो, लिंबातलंच आम्ल! मला हा रस्ता मनापासून पटतो. फक्त टाके बेतानेच घालावे लागतात. ते फार झाले तर धागा कडक होतो आणि वाकवताच मोडतो.