आन्यो नुएवोची निर्जळी

(वाळूवर पहुडलेली पिल्लं)
कॅलिफोर्निया. आन्यो नुएवोचा किनारा. मार्च संपत आलाय. ही गरगरीत पिल्लं नॉर्दर्न एलिफंट सीलची. जन्मली तेव्हा 40 किलोच्या आसपास होती. आईनं जेमतेम चार आठवडे पाजलं आणि ती 130 किलोंवर गेली. मग आई समुद्रात निघून गेली, ती गेलीच.

तेव्हापासून यांच्या तोंडात मासा नाही, पाण्याचा घोट नाही. आपली निर्जळी एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते. यांची दोन-अडीच महिने चालते.

(पाजणारी मादी)
हे जानेवारीतलं चित्रण. मादीही उपाशीच आहे. शेवटी शेवटी तिच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबी असते, आणि ती सगळी तिच्याच अंगावरची.

(झोपलेलं पिल्लू, मिटलेल्या नाकपुड्या)
पिल्लू मेलेलं नाही. श्वास रोखून झोपलंय. श्वास कमी, तर वाफेवाटे जाणारं पाणीही कमी. आणि पाणी येतं कुठून? चरबीतूनच. एक किलो चरबी जळली की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी तयार होतं.

(संशोधक, गुंगी दिलेलं पिल्लू, चरबीचा बारीक नमुना)
हा पांढरट तुकडा म्हणजे ब्लबर, कातडीखालचा चरबीचा जाड थर. याला नुसता साठा समजू नका. इन्सुलिनचं काम चरबी साठवायचं, सुटू द्यायची नाही. उपास लांबतो तसं रक्तातलं इन्सुलिन उतरतं, आणि चरबीच्या पेशीही त्याला दाद देईनाशा होतात. माणसात असं दिसलं तर डॉक्टर मधुमेहाचं नाव काढतील. इथं मात्र त्यावरच जीव तगतो. पेशींतून मेदाम्लं सुटतात, शरीर त्यांच्यावर चालतं, स्नायूंमधली प्रथिनं फारशी खर्ची पडत नाहीत. लागणाऱ्या ऊर्जेतला 90 टक्क्यांहून जास्त वाटा चरबीचा. थरही सगळीकडून सारखा झिजत नाही. स्नायूंकडची बाजू जास्त वापरली जाते, कातडीकडची थंडी अडवायला राहते.

(दोन नरांची झुंज)
हे धूडही तीन-तीन महिने उपाशी राहून झुंजतं! याच चरबीच्या तेलासाठी एकोणिसाव्या शतकात माणसानं यांची कत्तल केली. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर मूठभर उरले होते. 1922 मध्ये मेक्सिकोनं संरक्षण दिलं. आज दोन लाखांहून अधिक आहेत. माणसानं नुसतं हात आवरला, एवढ्यानं हे झालं.

समुद्रात मिसळलेली पीसीबीसारखी विषारी रसायनंही याच चरबीत साठतात, उपासात रक्तात उतरतात, दुधातून पिल्लात जातात.

(लाटेत शिरणारी पिल्लं)
पाव हिस्सा वजन घटल्यावर भूक त्यांना पाण्यात ढकलते. शिकार कशी करायची, हे दाखवायला कुणी नाही. पहिलं वर्ष काढतात ती साधारण निम्मीच.